ताईंची तिसरी अट

ताईंनी माझ्याकडे सवलत कधीच मागितली नव्हती, हे समजायला मला फार वर्षं लागली. तोवर मी चारचौघांत सांगत असे, की आमच्याकडे एक बाई आहेत, घरची अडचण आहे, म्हणून त्यांना घरून काम करू देतो. सांगताना आवाजात जरा मोठेपणा यायचा. ऐकणारेही मान डोलवायचे. आज ते आठवलं की ओशाळायला होतं. हिशेब मांडायला बसलो तर देणं सगळं माझ्याच नावावर निघतं.

त्यांचं नाव इथे लिहीत नाही. विचारलं तेव्हा म्हणाल्या, "लिहायचं तर लिहा सर, पण नाव घालू नका. सोसायटीत उगाच चर्चा होते."

मी मुळात छापखान्यातला. खिळे जुळवण्याच्या काळात एका प्रेसमध्ये हिशेब लिहायला लागलो आणि पुढे देखरेखीवर आलो. तिथे सकाळी नऊला घंटा व्हायची. घंटेनंतर आलेल्या माणसाला मालक काही बोलत नसत, नुसते घड्याळाकडे बघत. मला त्या बघण्याचं फार अप्रूप. पुढे १९९३ साली नारायण पेठेत एका वाड्याच्या पहिल्या मजल्यावर दोन खोल्या घेऊन मी अक्षरजुळणीचं काम सुरू केलं तेव्हा कॉम्प्युटरच्या आधी मस्टर विकत आणलं. पावणेदहानंतर आलं की लाल खूण, तीन लाल खुणा झाल्या की अर्ध्या दिवसाचा पगार कापायचा. धंद्याची शिस्त म्हणजे हीच, अशी माझी समजूत होती. ऑपरेटर तीन. मी त्यांच्या मागच्या टेबलावर बसायचो. त्यांच्या पाठी दिसत असल्या की काम चाललंय असं वाटायचं.

ताई आल्या १९९५ मध्ये. धायरीहून यायच्या. तेव्हा पीएमटीची बस मिळायला अर्धा तास, यायला तासभर, उतरून पुन्हा चालणं. महिन्यात चार-पाच लाल खुणा ठरलेल्या. पगार कापला की त्या सही करून उरलेले पैसे मोजून घ्यायच्या. एक शब्द बोलत नसत. त्यामुळे तर मला आपण बरोबर वागतोय अशी खात्रीच वाटायची.

त्यांचं काम कसं होतं, हे मी तेव्हा नीट पाहिलंच नाही. त्यांची पाठ बघत होतो ना! आमच्या धंद्यात लेखकाच्या हस्ताक्षरातला मजकूर समोर ठेवून ऑपरेटर टाइप करतो, मग पहिलं प्रूफ निघतं, ते मुद्रितशोधकाकडे जातं, दुरुस्त्या होतात, दुसरं प्रूफ, मग पानं लावायची, मग ट्रेसिंग काढून छापखान्यात. इतरांच्या पहिल्या प्रुफावर लाल शाईचा सडा पडलेला असायचा. ताईंच्या गॅलीवर चार-दोन खुणा. कारण त्या मजकूर वाचून टाइप करायच्या. नुसती अक्षरं उतरवून काढत नसत. एकदा मला म्हणाल्या, "सर, लेखकांनी वरच्या परिच्छेदात १९४७ लिहिलंय आणि खाली त्याच प्रसंगाला १९४८. कुठलं ठेवायचं?" मी म्हटलं, "आहे तसं मारा, तो लेखकाचा प्रश्न." त्यांनी बाजूला पेन्सिलीने बारीक प्रश्नचिन्ह काढून ठेवलं. लेखकाने नंतर मलाच धन्यवाद दिले आणि मी ते घेतलेही.

१९९८ च्या जूनमध्ये त्यांच्या सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला. आठवडाभर रजा झाली. मग एका संध्याकाळी सगळे गेल्यावर त्या टेबलासमोर उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "मजकूर घरी नेऊन केला तर चालेल का? मशीनचं मी बघते. दर दोन दिवसांनी फ्लॉपी आणून देईन."

मी हसलो. माझे शब्द मला स्वच्छ आठवतात. "अहो ताई, घरी बसून का कुठे काम होतं? आज तुम्ही, उद्या दुसरा कोणी. मग मी इथे खोल्या कशाला घेऊन बसलोय?"

त्या "बरं" म्हणाल्या. महिना भरला आणि गेल्या. जाताना एक दोनशेपानी वही माझ्या टेबलावर ठेवली आणि सांगितलं, की नवीन येईल त्याला द्या, उपयोग होईल. मी ती उघडूनही पाहिली नाही.

नवा मुलगा हाताचा वेगवान होता. मला बरं वाटलं. श्रावण लागला तसा दिवाळी अंकांचा मजकूर येऊन पडायला लागला. १९०९ साली काशीनाथ रघुनाथ मित्रांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला आणि मराठीत ही परंपरा पडली. ती वाचकांना दिवाळीची मौज देते, आम्हा अक्षरजुळणीवाल्यांना मात्र श्रावण ते घटस्थापना जीव नकोसा करते. वर्षाचं निम्मं काम त्या दोन-अडीच महिन्यांत यायचं. त्या वर्षी एका अंकात एका दिवंगत साहित्यिकावरचा लेख होता. मथळ्यात 'शोकसभेनंतर' हा शब्द. छापून आला 'शौकसभेनंतर'. एक मात्रा जास्त. पहिल्या प्रुफात चूक होती, घाईत मुद्रितशोधकाच्या नजरेतून सुटली, आणि मथळा मोठ्या टाइपात असल्यामुळे कोणी वाचलाच नाही. मथळे असेच सुटतात. सोळा पानांचा अख्खा फर्मा माझ्या खर्चाने पुन्हा छापावा लागला, कागदासकट. संपादक फोनवर ओरडले नाहीत. "तुमच्याकडे पूर्वी असं व्हायचं नाही," एवढंच म्हणाले.

पूर्वी म्हणजे कधी, हे मला कळलं. त्या दिवशी मी ती वही शोधली. चहाच्या किटलीखाली होती. पुठ्ठ्यावर गोल डाग पडले होते. आत एकेका पानावर एकेका लेखकाचं हस्ताक्षर. कुठल्या तरी जुन्या मजकुराचा तुकडा चिकटवलेला आणि खाली ताईंच्या बारीक अक्षरात टिपणं. 'यांचा घ आणि ध सारखाच. धर आहे की घर, ते वाक्यावरून ठरवणे.' 'अनुस्वार देत नाहीत, आपण द्यावा. रागावत नाहीत.' 'यांचा भ कधीकधी म वाटतो. प्रूफ स्वतःच वाचतात पण उशिरा देतात, आधी एक दिवस धरावा.' एकोणतीस लेखक. तीन वर्षं मी त्या बाईंच्या येण्याच्या वेळा लिहीत होतो आणि त्या माझा धंदा लिहून काढत होत्या.

पितृपंधरवड्यात मी धायरीला गेलो. क्षमा मागायला गेलो असं लिहिलं तर छान दिसेल, पण गेलो होतो ते दोन अंक अडले होते म्हणून. दोन खोल्यांचं घर. बाहेरच्या खोलीत खाटेवर सासूबाई, पलीकडे खिडकीशी टेबल आणि त्यावर जुन्या लुगड्याच्या तुकड्याने झाकलेला कॉम्प्युटर. त्यांनी तो जुना, हप्त्यांवर घेतला होता आणि कुठल्याशा मार्गदर्शकं छापणाऱ्याचं काम चालूही केलं होतं.

ताईंनी चहा दिला. मग तीन अटी सांगितल्या. एक, पानावर दर. दोन, मी काम कधी करते हे विचारायचं नाही, आलं की नाही तेवढं विचारायचं. आणि तीन, माझ्या चुका मी फुकट दुरुस्त करीन, लेखकाने किंवा तुम्ही मागाहून केलेले बदल वेगळे लागतील.

मी कबूल झालो. नाइलाज होता.

आणि तरी माझा स्वभाव गेला नाही. पहिल्या महिन्यात एकदा दुपारी बाराच्या सुमाराला 'सहज इकडे आलो होतो' म्हणत स्कूटर त्यांच्या दारात लावली. ताई सासूबाईंना भरवत होत्या. मशीन झाकलेलं. मी त्याच्याकडे बघितलं आणि मग भिंतीवरच्या घड्याळाकडे. अगदी त्या जुन्या मालकांसारखा. त्यांना कळलं. हात धुतले, फळीवरून स्टीलचा डबा काढला, त्यातून दोन फ्लॉप्या आणि बत्तीस पानांच्या प्रिंट पुढे ठेवल्या. परवा द्यायचं काम आज तयार होतं. प्रत्येक काम दोन फ्लॉप्यांवर, कारण एक तुमच्याकडे उघडली नाही तर पुन्हा फेरी नको. पहाटे चार ते सात आणि रात्री दहानंतर त्या बसायच्या. सासूबाईंची झोप ती त्यांची कामाची वेळ.

मग म्हणाल्या, "आमच्या सासूबाई गिरगावात असताना लिज्जतचे पापड लाटायच्या. सकाळी पीठ न्यायचं, घरी लाटायचं, दुसऱ्या दिवशी नेऊन द्यायचं. पापड तपासून घेतात सर तिथे. एकसारखा लागतो. पण लाटताना मागे कोणी उभं राहत नाही."

खाटेवरून सासूबाई एका बाजूने हसल्या. मला तिथून कधी निघतोय असं झालं.

नंतर कधीतरी मी लिज्जतची हकिकत मुद्दाम वाचली. १५ मार्च १९५९ ला गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन सुरुवात केली. जागा गच्चीची. पुढे हजारो बायका झाल्या, पंचेचाळीस हजारांवर आकडा गेला, आणि लाटणं घराघरांतच राहिलं. एवढ्या बायकांना एका छपराखाली बसवायचं ठरवलं असतं तर छपरातच दिवाळं निघालं असतं. हे सगळं माझ्या लहानपणापासून माझ्या ताटात तळून पडत होतं आणि मी विचारत होतो, घरी बसून का कुठे काम होतं!

माझा फायदा काय झाला, तो आता सरळ सांगतो. तेव्हा मी तो कोणाला सांगत नसे. सांगितला असता तर उपकाराची गोष्ट उरली नसती. संध्याकाळी सातला लेखकाने दिलेला मजकूर मी साडेसातच्या बसने धायरीला पाठवायचो आणि सकाळी गॅली हातात असायची. दुकान बंद असताना माझं काम चालू असायचं. हळूहळू आणखी दोघं घरून करायला लागले तशी मी मागची खोली सोडून दिली. भाडं निम्म्यावर आलं. २००५ च्या सुमारास भारनियमन सुरू झालं तेव्हा पेठेतले माझे ओळखीचे दुकानदार तीन-तीन तास हात बांधून बसायचे. ताईंनी एका कागदावर तक्ता केला. पेठेत वीज कधी जाते, धायरीत कधी, कोथरुडातल्या मुलीकडे कधी. ज्याच्याकडे वीज त्याच्याकडे काम. त्या वर्षी आमचा एकही अंक रखडला नाही, आणि संपादक मंडळींत माझं नियोजनाबद्दल नाव झालं. तक्ता ताईंच्या अक्षरात होता. तो मी भिंतीवरून काढून खणात ठेवला होता, कोणी विचारू नये म्हणून.

याहून वाईट गोष्ट दराची. मी ताईंना दुकानातल्या ऑपरेटरच्या हिशेबाने बसेल त्याहून कमी दर लावला होता. मनात युक्तिवाद असा, की त्यांचं बसभाडं वाचतं, वेळ वाचतो. मशीन त्यांचं, वीज त्यांची, रिबन आणि कागद त्यांचा, आणि वाचलेलं बसभाडंही मीच कापून घेत होतो. त्यांनी चार वर्षं तो दर घेतला. मग एका मार्गशीर्षात बिलाबरोबर एक चिठ्ठी आली. महिन्याचं वीजबिल, त्यातलं मशीनचं किती, प्रिंटरच्या शाईचं किती, बॅटरीच्या पाण्यापर्यंत सगळं लिहिलेलं. खाली मागणी काहीच नाही. फक्त बेरीज. मी दर वाढवला आणि मशीन दुकानाच्या खर्चाने बदलून दिलं. मागचे फरकाचे पैसे मात्र द्यायचे सुचले नाहीत. ते पुढे दिले, पण फार पुढे.

पानावर दर असला की मालकाला आणखी एक सोय असते. हंगाम संपला की खर्चही संपतो. दिवाळीनंतर माझ्याकडे काम आटायचं, पगारी माणसं असती तर त्यांना बसवून पोसावं लागलं असतं. ही लवचीकता मला फार आवडायची. एकदा हिशेब करताना मी तसं बोलूनही गेलो. ताई म्हणाल्या, "श्रावण ते दिवाळी मी तुमची. आणि पौषात कोणाची?"

मी गप्प बसलो. त्यानंतर आम्ही प्रत्येक घरच्या माणसाला बारा महिने एक ठरावीक रक्कम द्यायची आणि त्यावरचं काम पानावर मोजायचं, अशी पद्धत पाडली. हा माझा चांगुलपणा नव्हे. त्याआधी दर श्रावणात मला नवी माणसं शोधावी लागायची, कारण जुनी पौषात दुसरीकडे लागलेली असायची. ती रक्कम द्यायला लागल्यापासून शोधावं लागलं नाही. लवचीकता दोन्हीकडून वाकली नाही तर ती एकाच्याच कण्यात जाते, हे कळायला एका बाईचा एक प्रश्न पुरला.

पुढची माणसं ताईंमुळेच आली. वाईचे एक निवृत्त शिक्षक प्रुफं बघायला लागले. आधी एसटीच्या पार्सलने, मग कुरियरने आणि नंतर ईमेलवर. त्यांच्या नजरेतून ऱ्हस्व-दीर्घ सुटत नसे. एवढा तयारीचा माणूस पुण्यात मला या पैशात मिळालाच नसता, आणि त्यांनी वाई सोडलीच नसती. सोलापूरचा एक मुलगा, दोन्ही पायांना पोलिओ. पानं लावण्यात असा तरबेज, की ओळीचा एक शब्द पुढच्या पानावर एकटा गेलेला त्याला खपत नाही. तो आधी एकदा नोकरी मागायला पुण्याला आला होता, हे मला नंतर कळलं. वाड्याचा लाकडी जिना बघून खालूनच परत गेला होता. माझ्या त्या जिन्याने आणखी किती माणसं परतवली असतील, देव जाणे. मग एका गोव्याच्या प्रकाशकाचं कोंकणी पुस्तक आलं. १९८७ च्या राजभाषा कायद्याने गोव्यात देवनागरी कोंकणीला मान मिळाला हे मला ऐकून माहीत, पण लिपी एक म्हणून भाषा थोडीच येते? आमच्या मुलांनी अर्धे शब्द मराठी समजून 'सुधारले'. शेवटी फोंड्याच्या एका शिक्षिकेने ते घरून निस्तरलं, आणि तिकडचं काम अजून तीच बघते. आमच्या एका ऑपरेटर मुलीला बाळ झालं त्या वर्षी, २०१७ मध्ये, प्रसूती लाभ कायद्यात दुरुस्ती होऊन सव्वीस आठवड्यांची रजा झाली आणि रजेनंतर मालक आणि बाई यांच्या संमतीने घरून काम करायची तरतूदही आली. आम्हाला तो कायदा लागू नव्हता, दहा माणसं कुठे होती आमच्याकडे? पण ताईंनी तिला मशीन नेऊन दिलं आणि मला नंतर कळवलं.

माझी मुलगी एका कंपनीत माणसांच्या नेमणुकांचं काम बघते. ती मला असल्या गोष्टी पाठवत असते. तिनेच मला डेम स्टेफनी शर्ली यांचं भाषण ऐकवलं. लहानपणी नाझींच्या तावडीतून निर्वासित म्हणून इंग्लंडला आलेली ही बाई. १९६२ साली सहा पौंडांच्या भांडवलावर तिने घरबसल्या प्रोग्रॅम लिहिणाऱ्या बायकांची कंपनी काढली. पहिल्या तीनशे माणसांत दोनशे सत्त्याण्णव बायका. काँकॉर्ड विमानाच्या ब्लॅक बॉक्सचं प्रोग्रॅमिंग या बायकांनी घरी बसून केलं. गिऱ्हाइकाचा फोन आला की बाळाचं रडणं ऐकू जाऊ नये म्हणून ती टाइपरायटरच्या खडखडाटाची टेप मागे लावायची. मुलगी हसली. मला हसू येईना. ताईंच्या घरी फोन आल्यावर एकदा बोलताना कुकरची शिट्टी ऐकू आली होती आणि मी तुटकपणे म्हटलं होतं, "आधी स्वयंपाक उरका, मग बोलू." त्यानंतर त्यांच्या फोनवर कधी शिट्टी ऐकू आली नाही. माझा फोन आला की त्या गॅस बंद करत असणार.

शांघायच्या एका प्रवास कंपनीतला प्रयोगही तिनेच सांगितला. निकोलस ब्लूम नावाचे अर्थशास्त्रज्ञ आणि त्यांचे सहकारी यांनी तो केला. फोनवर बुकिंग घेणारे कर्मचारी, नऊ महिने. घरून काम करायला कोणी जायचं आणि ऑफिसात कोणी राहायचं ते जन्मतारीख सम की विषम यावर ठरवलं. घरच्यांचं काम १३ टक्क्यांनी वाढलं आणि नोकरी सोडून जाणाऱ्यांचं प्रमाण निम्म्याने घटलं. मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्ही हे आधीच केलं होतंत." मी तिला थांबवलं. त्याच प्रयोगात पुढे आणखी दोन गोष्टी होत्या. घरून काम करणाऱ्यांना, काम तेवढंच चांगलं असूनही, बढती कमी मिळाली. आणि प्रयोग संपल्यावर त्यांतल्या निम्म्या जणांना पुन्हा ऑफिसात यायचं होतं, कारण घरी एकटं वाटायचं.

या दोन्ही गोष्टी माझ्या दुकानात घडल्या होत्या, आणि दोन्हींत चूक माझी होती. २००२ मध्ये मला कामं वाटून द्यायला एक मुख्य माणूस हवा होता. मी समोर बसणाऱ्या मुलाला नेमलं. ताई माझ्या डोक्यातसुद्धा आल्या नाहीत. त्या वाईट म्हणून नव्हे, त्या दिसत नव्हत्या म्हणून. तो मुलगा रोज संध्याकाळी ताईंनाच फोन करून विचारायचा, कुठलं काम कोणाला देऊ. वर्षभर असं चाललं. शेवटी त्यानेच मला येऊन सांगितलं, "सर, हे पद त्यांचं आहे, मी नुसता फोन करतो." आणि एकटेपणाचं म्हणाल तर सासूबाई गेल्यानंतर ताई एकदा दुकानात आल्या आणि म्हणाल्या, "शनिवारी इथे येऊन बसू का? काम घरी होतं हो, पण बोलायला कोणी नसतं." तेव्हापासून शनिवारी सगळे दुकानात. जवळचे येतात, लांबचे महिन्यातून एकदा. नव्या माणसाची चूक त्याच्या शेजारी बसून दाखवायची, हे काम शनिवारचं. त्याला फोन चालत नाही.

शांघायच्या त्याच कंपनीत पुढे २०२१-२२ मध्ये दुसरा प्रयोग झाला. सोळाशे बारा माणसं, आठवड्यातले दोन दिवस घरून. सोडून जाणाऱ्यांचं प्रमाण एक तृतीयांशाने उतरलं, कामात काही फरक पडला नाही. मला त्यातला आवडलेला भाग वरिष्ठांचा. आधी त्यांना सरासरी वाटत होतं, की याने काम २.६ टक्क्यांनी घटेल. नंतर तेच म्हणाले, १ टक्क्याने वाढतं. त्यांना सहा महिने लागले. मला सहा महिन्यांत एवढंही कळलं नव्हतं.

२०२० च्या पाडव्याला, २५ मार्चला, देश बंद झाला. त्याच्या चार दिवस आधी ताईंचा फोन आला होता. "सर, दुकानातल्या तिघांना मशीनं घरी न्यायला सांगा. आणि फॉन्टची लॉकं काढून द्यायला विसरू नका." आमच्या जुन्या मराठी सॉफ्टवेअरला मशीनच्या मागे एक लॉक लावावं लागतं. बोटाच्या पेराएवढी वस्तू, पण ती नसली की एक अक्षर उमटत नाही. मी म्हटलं, "दोन दिवसांत उघडेल सगळं." त्या म्हणाल्या, "उघडलं तर परत आणतील." मुलांनी रिक्षातून मशीनं नेली. पाडव्याच्या दिवशी गल्लीत चिटपाखरू नव्हतं. ओळखीच्या एका दुकानदाराची लॉकं दुकानात कुलपाआड अडकली होती आणि पोलीस पुलावर सोडत नव्हते. छापखाने बंद झाले, पण पुस्तकांचं काम चालू राहिलं. लेखक घरीच होते, त्यांचे लिहायचे हात मोकळे झाले होते. तिन्ही मुलांना घरी कसं बसायचं हे ताईंनी फोनवर शिकवलं. पाठ भिंतीकडे ठेवायची की दाराकडे, इथपासून. जेवायच्या वेळी मशीन झाकायचं, नाहीतर जेवण होत नाही आणि कामही. एकाने मला नंतर सांगितलं, की ताई रोज रात्री नऊला फोन करायच्या आणि कामाचं काही विचारायच्या नाहीत. जेवलास का, एवढंच.

त्या वर्षी आमच्याकडे एकाचाही पगार थांबला नाही. लोक मला विचारायचे, कसं काय जमवलंत? पहिल्यांदाच मी खरं उत्तर दिलं. भिंतीवरचा जुना तक्ताही खणातून काढून काच लावून घेतली. मस्टर मी त्याआधीच बंद केलं होतं, तारीख आठवत नाही.

गेल्या वर्षी ताईंची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली. आता त्या नवी कामं घेत नाहीत, शेवटचं प्रूफ तेवढं बघतात. हा मजकूर मी त्यांच्याचकडे पाठवला होता. दोनदा पाठवला, कारण मधला भाग मी पुन्हा लिहिला. काल तो परत आला. 'ओशाळायला' जिथे आहे तिथे मी 'कानकोंडं' लिहिलं होतं, ते त्यांनी बदलून सुचवलं. बसचा वेळ पाऊण तास लिहिला होता, त्यावर समासात 'तासभर' आणि पुढे उद्गारचिन्ह. कुकरच्या शिट्टीच्या ओळीशी पेन्सिलीने एक बारीक प्रश्नचिन्ह आहे. त्याचा अर्थ मी अजून विचारलेला नाही.

सोबत बिल आहे. पहिल्या वाचनाचं त्यांनी काही लावलेलं नाही. खाली एक ओळ आहे, 'लेखकाने मागाहून केलेले बदल, पानं दोन', आणि पुढे चालू दराने रक्कम.